कुटुंब म्हणजे कोण कोण?



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती की आम्ही बोनसवर, संपावर, नाहीतर किमान वेतनावर बोलू. आम्ही 'कुटुंब' हा विषय कळवला. युनियनच्या माणसाने असा घरगुती विषय का घ्यावा, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. त्याचे कारण असे की, मजुराची मजुरी ठरवताना जे शब्द वापरले जातात त्यांत हा शब्द फार वजनाचा आहे. कोणाचे पोट मोजायचे, कोणाचे हात मोजायचे आणि पैसे कोणाच्या हातावर ठेवायचे, हे तिन्ही निर्णय या एका शब्दाच्या आडून होतात. तेव्हा आज आपण या शब्दाची थोडी झडती घेऊ. आम्ही भाषापंडित नाही. शाळा लवकर सुटली, पुढचे शिक्षण कोशांतून आणि कायद्याच्या पुस्तकांतून जमेल तसे झाले. तरी मजुराला शब्दाचा अर्थ सांगता सांगता जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम आपल्या मराठीतला अर्थ पाहू. मोल्सवर्थसाहेबाच्या 1831 सालच्या कोशात 'कुटुंब' या शब्दाला दोन अर्थ दिलेले सापडतात. एक घरची सारी माणसे, आणि दुसरा बायको. हा दुसरा अर्थ आता मागे पडला, पण आमच्या वडिलांच्या पिढीत तो सर्रास होता. "कुटुंब माहेरी गेले आहे" असे एखादा कारकून म्हणाला, तर घर कुलूप लावून सगळे गेले असा त्याचा अर्थ कोणी घेत नसे. 'मंडळी' या शब्दाची तीच तऱ्हा. 'आमची मंडळी' म्हणजे एकच बाई. 'कबिला' हा शब्द अरबीत टोळीचा, जमातीचा वाचक. मराठीत येता येता तोही आकसला आणि बायकोमुलांपुरता उरला.

याची मौज अशी की समूहाचे शब्द एकाच बाईवर येऊन बसले. नवऱ्याने बायकोचे नाव चारचौघांत घ्यायचे नाही, ही रीत. म्हणून तिला अख्ख्या घराचे नाव मिळाले. ऐकायला हा मान मोठा आहे. परंतु ज्या बाईला साऱ्या घराचे नाव मिळते, तिचे स्वतःचे नाव कागदावर यायचे राहून जाते, आणि आमचे काम कागदाशी आहे.

याच शब्दाच्या कुळातला आणखी एक शब्द आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. 'कुणबी' हा शब्द संस्कृत 'कुटुंबिन्' वरून आला, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. कुटुंबिन् म्हणजे कुटुंबकबिला असलेला, घरचे हात घेऊन जमीन कसणारा गृहस्थ. म्हणजे कुटुंब आणि कष्ट यांची सांगड आजची नाही. शेत कसायचे तर माणसे हवीत, आणि ती घरचीच हवीत, हे या शब्दाच्या पोटातच आहे.

खेड्यातला माणूस मात्र मोजदाद करताना 'कुटुंब' म्हणत नाही. तो उंबरे मोजतो, चुली मोजतो. गाव किती उंबऱ्यांचे असे विचारतात. भाऊ वेगळे झाले की "चूल वेगळी केली" म्हणतात. हे मोजमाप फार पक्के आहे. आपल्या जनगणनेनेही तेच उचलले. एका ठिकाणी राहणारी आणि एका स्वयंपाकाचे जेवणारी माणसे ती एक गृहस्थी, असे जनगणनेचे प्रगणक धरतात. रक्ताचे नाते असो वा नसो, भाकरी एका तव्यावरची असली म्हणजे झाले.

आता जरा दूर जाऊ. फ्रेंच भाषेत कुटुंबाला 'फामीय' म्हणतात. इंग्रजी 'फॅमिली' हा त्याचाच सख्खा भाऊ. दोघांचा बाप लॅटिन 'फामिलिया'. आणि फामिलिया हा शब्द निघाला 'फामुलुस' पासून. फामुलुस म्हणजे चाकर! प्राचीन रोमात फामिलिया म्हणजे मुख्यतः एका धन्याच्या ताब्यातली माणसे, त्यांत गुलामांची गणती आधी. पुढे शेकडो वर्षांनी, 1694 साली, फ्रान्सच्या अकादमीने आपला पहिला कोश काढला. त्यातही फामीय म्हणजे एका घरात एका प्रमुखाच्या हाताखाली राहणारी सर्व माणसे, असाच अर्थ दिला होता. घरचा स्वयंपाकी आणि मोलकरीण त्या काळी फामीयच्या आत होती. आई, बाप आणि मुले एवढाच नेमका अर्थ रूढ व्हायला आणखी बराच काळ जावा लागला.

हे ऐकून आपल्याला खानदेशातल्या सालदाराची आठवण झाली असेल. आखाजी जवळ आली आहे. आखाजीला सासरी गेलेल्या आंडेरी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. त्याच आखाजीला सालदाराचे साल संपते आणि नव्या सालाची बोलणी होतात. ही बोलणी ज्यांनी ऐकली आहेत त्यांना एक वाक्य पाठ असेल: "अरे, तू काय परका आहेस का? घरचाच माणूस." बाराही महिने पहाटेपासून रात्रीपर्यंत जो राबतो, गोठ्याजवळ निजतो, ज्याची बायको पुष्कळ ठिकाणी शेणगोठा करून जाते, तो घरचा माणूस. हे म्हणणारा धनी प्रत्येक वेळी लबाडच असतो असे आम्ही म्हणत नाही. आजारात गाडी जुंपून दवाखान्यात नेणारे धनीही आम्ही पाहिले आहेत. पण घरच्या माणसाला कामाचे तास नसतात, घरच्या माणसाची हजेरी लिहीत नाहीत, आणि घरच्या माणसाने किमान वेतनाचा दर विचारला तर ते उद्धटपणाचे ठरते. साल मध्येच मोडले आणि उचल फिटायची राहिली, म्हणजे तोच घरचा माणूस एका दिवसात देणेकरी होतो. रोमन फामुलुस आणि आपला सालदार यांच्यात दोन हजार वर्षांचे अंतर आहे. शब्दाने मात्र दोघांना सारखेच वागवले.

1972 साली शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली. अंबरसिंग सुरतवंती आणि त्यांचे सहकारी यांनी गेलेल्या जमिनींचा प्रश्न धरला, तसाच सालदाराच्या मजुरीचाही धरला. तेव्हा पहिला झगडा या 'घरच्या माणसा'शीच होता. सालदाराला स्वतःलाच पटावे लागले की आपण घरचे नाही, कामगार आहोत. त्याच चळवळीत आदिवासी बाया पुढे आल्या, दारूच्या गुत्त्यांवर गेल्या, मडकी फोडली. नवऱ्याची मारहाण ही घरातली गोष्ट, तिचा संघटनेशी काय संबंध, हे म्हणणे त्यांनी ऐकून घेतले नाही. 'घरातली गोष्ट' या शब्दांची भिंत त्या वर्षी दोन्ही बाजूंनी थोडी ढासळली.

आता मजुरीच्या हिशेबाकडे वळू. 1957 च्या जुलै महिन्यात दिल्लीला पंधरावी भारतीय श्रम परिषद भरली. सरकार, मालक आणि कामगार संघटना तिन्ही हजर होते. किमान वेतन कशाच्या आधारे ठरवायचे, याचा ठराव तिथे झाला. एका कमावत्यामागे कुटुंबाची तीन खपाची एकके धरावीत, असे ठरले. हे गणित असे आहे: कमावता पुरुष 1, बायको 0.8, दोन मुले प्रत्येकी 0.6, बेरीज 3. दर एककाला रोजचे 2700 उष्मांक, माणशी वर्षाला 18 वार कापड, म्हणजे चौघांना 72 वार. शिवाय घरभाडे, आणि जळण, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी एकंदर वेतनाचा पाचवा हिस्सा. बायकोची आणि मुलांची कमाई हिशेबात धरायची नाही, हेही त्याच ठरावात आहे.

हा ठराव आमच्या चळवळीचे मोठे शस्त्र आहे आणि त्याचे उपकार आम्ही विसरणार नाही. एकाच्या मजुरीत घर चालले पाहिजे, पोराला कामाला जुंपावे लागू नये, हा त्याचा हेतू. 1991 साली सर्वोच्च न्यायालयाने रॅप्टाकॉस ब्रेट कंपनीच्या कामगारांच्या खटल्यात त्यात आणखी भर घातली. मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण, लग्ने यांसाठी किमान वेतनाचा 25 टक्के हिस्सा असावा, असे सांगितले. पण मूळ बेरजेकडे पुन्हा पाहा. त्यात म्हातारी आई नाही. बाप नाही. 1957 च्या गणितातले कुटुंब चौघांचे आहे, आणि आपल्याकडच्या चुलीभोवती क्वचितच चौघे बसतात. 2019 साली केंद्र सरकारने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने तीनऐवजी 3.6 एकके धरावीत अशी शिफारस केली. त्या 0.6 साठी, म्हणजे कागदावरच्या एका लेकराएवढ्या अन्नासाठी, 62 वर्षे लागली, आणि तीही शिफारसच.

चार माणसांच्या कुटुंबाचे हे चित्र दुसऱ्याही बाजूने आपल्या डोळ्यांसमोर आले. 1952 साली देशात कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम सुरू झाला. पुढे लाल त्रिकोण भिंतीभिंतीवर आला, आई-बाप आणि दोन मुले यांचे हसरे चित्र आले. आणीबाणीतल्या सक्तीच्या शस्त्रक्रियांनंतर लोक त्या शब्दालाच भ्यायले, म्हणून 1977 साली नाव बदलून 'कुटुंबकल्याण' केले. नाव बदलले तरी चित्र तेच राहिले. लहान कुटुंब असावे याला आमचा विरोध नाही. आमचे म्हणणे एवढेच की, चित्रातल्या कुटुंबाला जो पगार पुरतो तो पाड्यावरच्या कुटुंबाला पुरेलच असे नाही.

इथवर तोंडे मोजण्याची गोष्ट झाली. आता हात मोजण्याची ऐका.

दिवाळी झाली की नवापूर, तळोदा, अक्कलकुवा, धडगाव इकडचे पाडेच्या पाडे रिकामे होतात. माणसे उसाच्या तोडीला जातात, काही सुरत-बारडोलीच्या बाजूला, काही महाराष्ट्रातल्या कारखान्यांवर. यान ब्रेमन नावाच्या डच अभ्यासकाने सत्तरच्या दशकात बारडोलीच्या भागात फिरून खानदेशातून आलेल्या या तोडकऱ्यांवर लिहिले, तेव्हा बाहेरच्या जगाला त्यांची थोडीबहुत ओळख झाली. या धंद्यात माणसे मोजत नाहीत, कोयते मोजतात. मुकादम म्हणतो, "माझ्याकडे वीस कोयते आहेत." एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. नवरा ऊस तोडतो, बायको पाचट काढते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवते. मोठी पोर खोपीत धाकट्याला सांभाळते, पाणी आणते, वाढे गोळा करते. दाम टनावर ठरतो आणि तो कोयत्याला मिळतो. उचल घेतली जाते नवऱ्याच्या नावाने, आणि फेडते ती दोघांच्या घामाने.

आता दोन्ही हिशेब शेजारी ठेवून पाहा. 1957 च्या ठरावात एका माणसाच्या श्रमाच्या दामात तीन एककांचे पोट भरले पाहिजे असे म्हटले आहे. कोयत्याच्या हिशेबात एका दामात दोन माणसांचे, आणि लेकरू धरले तर तिघांचे, श्रम विकत घेतले जातात. म्हणजे दाम ठरवताना कुटुंब लहान होते आणि काम घेताना मोठे होते. शब्द एकच, पण मोजणाऱ्याच्या सोयीप्रमाणे तो ताणला जातो नाहीतर आवळला जातो. आमच्या सगळ्या भाषणाचे सार एवढेच आहे.

1976 साली समान वेतनाचा कायदा झाला. स्त्रीपुरुषांना सारख्या कामाला सारखे वेतन मिळाले पाहिजे असे त्यात होते. पण कोयत्यातल्या बाईला कमी मजुरी मिळाली, हे सिद्ध कसे करणार? तिची मजुरी वेगळी लिहिलेलीच नाही. कमी नाही, जास्त नाही, ती मुळात नाहीच. जुन्या मराठीत जशी ती 'कुटुंब' या शब्दात लपली, तशी इथे 'कोयता' या शब्दात लपली. नवरा वारला तर ती अर्धी उरते, आणि एकट्या बाईला टोळीत घ्यायला मुकादम कचरतो. कोयता पुरा व्हावा म्हणून मुलामुलींची लग्ने लवकर उरकली जातात, हे आपण वर्तमानपत्रांतून वाचतोच. लोखंडाच्या एका हत्याराने कुटुंबाची व्याख्या केली आणि त्या व्याख्येला पुरी पडावी म्हणून पोरीच्या शाळेची वर्षे तोडली.

हे केवळ उसातच चालते असे समजू नका. आपल्या शहराची मिरचीची बाजारपेठ दूरवर प्रसिद्ध आहे. मिरचीच्या पथारीवर देठ खुडायला ज्या बाया बसतात, त्यांच्या मांडीशी पोरेही बसतात आणि त्यांचीही बोटे चालतात. वजन होते ते आईच्या ढिगाचे.

आता या शब्दाच्या शेंड्याकडे पाहू, म्हणजे 'प्रमुखा'कडे. कुटुंब म्हटले की सरकारी कागद पहिल्यांदा कुटुंबप्रमुख विचारतो. फ्रान्समध्ये नवरा हाच कुटुंबाचा प्रमुख, असे कायद्याच्या पुस्तकात लिहिलेले होते. नवऱ्याच्या आडकाठीशिवाय नोकरी करण्याचा आणि स्वतःच्या नावाने बँकेत खाते उघडण्याचा हक्क तिथल्या विवाहित स्त्रीला 1965 च्या कायद्याने मिळाला. आणि 'कुटुंबप्रमुख' ही कल्पनाच 1970 साली रद्द झाली. क्रांतीच्या देशाची ही गोष्ट! आपल्याकडे 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने शिधापत्रिकेपुरती घरातली 18 वर्षांवरची सर्वांत वडील स्त्री ही प्रमुख मानली. हे एक चांगले पाऊल आहे. ज्या हाताने भाकरी थापली जाते, निदान धान्याच्या कागदावर तरी त्या हाताचे नाव आले.

आणि आपल्या जिल्ह्याच्या उत्तरेकडे, नर्मदाकाठी, तर या शब्दावर जमिनी ठरल्या. सरदार सरोवरात महाराष्ट्राची 33 गावे सापडली, ती सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. मणिबेली त्यांतले पहिले. 1979 साली नर्मदा लवादाने निवाडा दिला, त्यात कुटुंबाची व्याख्या आहे. नवरा, बायको, अज्ञान मुले आणि प्रमुखावर अवलंबून असणारे, उदाहरणार्थ विधवा आई, हे एक कुटुंब. आणि प्रत्येक सज्ञान मुलगा हे वेगळे कुटुंब. चतुर्थांशाहून अधिक जमीन जाणाऱ्या कुटुंबाला कमीत कमी दोन हेक्टर ओलिताची जमीन द्यायची. सज्ञान मुलगा वेगळा धरला हे न्यायाचेच झाले, कारण सातपुड्यात लग्नानंतर मुलगा आपले झोपडे वेगळे घालतो. पण त्या ओळीत सज्ञान मुलगी नाही, आणि विधवा आई आश्रिताच्या रांगेत आहे. एका व्याख्येच्या दोन ओळी, आणि त्यांच्यावर कोणाच्या वाट्याला किती वावर हे अवलंबून. व्याख्या हा पंडितांचा खेळ आहे असे ज्यांना वाटत असेल, त्यांनी एकदा अक्राणीला जाऊन यावे.

मग उपाय काय? कुटुंब हा शब्दच टाकून द्यावा, असे आम्ही म्हणत नाही. माणूस एकटा जगत नाही, आणि मजूर तर नाहीच. फ्रान्समध्ये या पेचातून जी वाट निघाली ती सांगण्यासारखी आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात ग्रनोब्लसारख्या शहरांतल्या काही कारखानदारांनी लेकुरवाळ्या कामगारांना मुलांमागे भत्ता द्यायला सुरुवात केली. लगेच अडचण आली. मुलांमागे पैसे द्यायचे तर मालक बिनलग्नाचाच कामगार निवडणार. म्हणून कारखानदारांनी मिळून एक सामाईक निधी काढला; प्रत्येकाने त्यात वर्गणी भरायची आणि भत्ता निधीतून द्यायचा. तिथल्या कामगार संघटना आरंभी या भत्त्याकडे संशयाने पाहत, आणि ते स्वाभाविक होते, कारण दान मालकाच्या हातचे असले म्हणजे संपाच्या दिवशी ते आखडते. शेवटी 11 मार्च 1932 च्या कायद्याने तो निधी सक्तीचा झाला. मालकाची मर्जी संपली आणि हक्क सुरू झाला.

यातले तत्त्व आम्हांला फार पटते. मजुरी माणसाची, ज्याच्या त्याच्या कामाप्रमाणे, ज्याच्या त्याच्या हातात. आणि लेकरे, म्हातारे, आजारी यांचा भार एकट्या मजुरावर नाही, एकट्या मालकावर नाही, तर साऱ्या धंद्यावर आणि समाजावर. हे परदेशातच होते असेही नाही. महाराष्ट्राने 1969 साली माथाडी, हमाल कामगारांचा कायदा केला. मंडळ स्थापले, मालकांकडून मजुरीबरोबर लेव्ही घेतली, आणि ज्या हमालाचा ठरलेला मालक नव्हता त्यालाही फंड, रजा, औषधपाणी मिळण्याची सोय झाली. बाजारातल्या हमालाला जे जमले, ते उसातल्या जोडीला जमणार नाही असे मानण्याचे कारण नाही.

तोवर आपण काय करू शकतो? आम्ही सभासदत्वाची पावती फाडताना कोयत्यामागे दोन फाडतो, एक नवऱ्याच्या नावाची, एक बायकोच्या. पुष्कळदा नवरा म्हणतो, "एक बस झाली, घर एकच आहे." आम्ही सांगतो, घर एक असू दे, हात चार आहेत.

या सभागृहात शेतीचे धनी बसले आहेत, व्यापारी आहेत, शिक्षक आहेत, कचेऱ्यांत अर्ज भरून घेणारे आहेत. आपल्याला आमची विनंती अशी: कुटुंब हा शब्द ज्या कागदावर दिसेल तिथे चार गोष्टी विचारा. इथे तोंडे मोजली आहेत की हात? पैसे कोणाच्या नावाने निघणार? कोण आत धरले आहे? आणि चुलीपाशी बसणारे कोण बाहेर राहिले आहे? शिक्षकांनी दिवाळीनंतर रिकाम्या होणाऱ्या बाकांवरची नावे लिहून ठेवावीत. ती पोरे कोणत्या तरी कोयत्याच्या हिशेबात गेलेली असतात. आणि या आखाजीला सालदाराशी बोलणी करताना ज्यांना "घरचाच माणूस" म्हणावेसे वाटेल त्यांनी ते खुशाल म्हणावे. फक्त त्याच बैठकीत कामाचे तास, सुट्टी आणि दर हे तीन आकडे कागदावर लिहावेत, आणि त्याची बायको गोठ्यात येणार असेल तर तिचे नाव आणि तिची मजुरी खाली वेगळ्या ओळीत लिहावी.